श्रीमती पायकाढे

गाडीचं बूड डावीकडे भिरकावलं गेलं, तसा तिच्या मांडीवरचा थर्मास निसटून पुढच्या सीटखाली गेला आणि शेजारी बसलेला नवऱ्याचा दोस्त, टायरवाला, आपल्या सगळ्या वजनासकट तिच्या अंगावर येऊन आदळला. त्याच्या हातात सोललेलं उकडलेलं अंडं होतं. ते मात्र त्याने वर धरून सुखरूप वाचवलं.

“सॉरी हं, वहिनी,” तो हसत म्हणाला आणि त्याने अर्धं अंडं एका घासात तोंडात टाकलं. ओठांच्या कोपऱ्यात पिवळ्या बलकाचे कण चिकटले होते. बोलताना त्यातला एक तिच्या बाहीवर येऊन पडला.

तिने तो नखाने उडवला आणि दाराला चिकटून बसली. गाडीत अंड्याचा, जळक्या रबराचा आणि आरशाला टांगलेल्या लिंबाच्या वासाच्या बाटलीचा असा एक मिश्र दर्प कोंडला होता. तिने काच खाली केली तर काँक्रीटची धूळ आत आली. तिने ती परत वर केली.

“पाहिलंस?” तिचा नवरा शेजारी बसलेल्या लेकीला विचारत होता. “ब्रेकला बोटसुद्धा लावलं नाही मी. वळणात होतो, रेस दिलेली होती, आणि नुसता पाय काढला. बस.”

“परत करा ना, बाबा!”

“करतो. आधी समजून घे. रेसवरून पाय काढला की गाडीचं वजन पुढे येतं. मागची चाकं हलकी होतात, वळणात रस्ता सोडतात, आणि शेपूट फिरते. घाबरायचं नाही. शेपूट जाईल तिकडे स्टिअरिंग द्यायचं, रेस हलकेच परत द्यायची, की गाडी मुकाट्याने सरळ होते. अगं, हीच तर मजा आहे. नाहीतर सरळ रेषेत काय, बैलही चालतो.”

“आणि घाबरलं तर?”

“घाबरलं की माणूस पाय काढतो.” त्याने आरशात मागे पाहिलं. “मग काय होतं, ते श्रीमती पायकाढेंना विचार.”

टायरवाला खो खो हसला. लेकही हसली, पण मागे वळून न बघता.

श्रीमती पायकाढे हे नाव नवऱ्याने तिला दवाखान्यातच ठेवलं होतं. सासूबाई आत शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत्या आणि बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना तो अपघात समजावून सांगत होता. पुढे घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांत हे नाव इतकं रुळलं, की तिच्या नणंदेने एकदा वाढदिवसाच्या केकवरही घालून आणलं. ती स्वतःही त्यावर हसायची. न हसून सांगणार कुणाला?

घडलं होतं ते एवढंच. ती सासूबाईंना डोळे तपासायला घेऊन चालली होती. नदीकडे उतरणाऱ्या वळणावर समोरून एक ट्रक रेघ ओलांडून आला. तिने दचकून रेसवरून पाय उचलला. ट्रक आपल्या बाजूला सरकून निघूनही गेला, पण गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि पुलाच्या कठड्यावर आपटली. आपटली ती सासूबाईंच्या बाजूने. त्यांच्या खुब्यात आता लोखंडाचा गोळा होता आणि हातात चार पायांचा वॉकर. तिला खरचटलंही नव्हतं. सासूबाई तिला एका शब्दाने बोलल्या नाहीत. तिला वाटे, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून तिने गाडीला हात लावला नव्हता. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या ज्या प्रयोगशाळेत ती कामाला होती, तिथे ती दोन बस बदलून जाई. सकाळी निघण्यापूर्वी सासूबाईंची आंघोळ, संध्याकाळी आल्यावर त्यांच्या पायांना तेल. हे सगळं ती मायेने करत होती असं म्हणणारे भेटत, तेव्हा तिचा चेहरा पडे. माया होतीच, पण पहाटे तिला अंथरुणातून उठवायची ती माया नव्हे.

आज ती आली होती, कारण उद्यापासून गाडी लेकीच्या हातात जायची होती. लेकीला परवाना मिळाला होता, कॉलेज नदीपलीकडे होतं, आणि रस्ता त्याच वळणावरून जात होता. शिवाय सासूबाई परवाच जेवताना म्हणाल्या होत्या, की नातीबरोबर बसेन मी गाडीत, तिला बापासारखी छाती आहे. तेव्हा नवऱ्याने तिच्याकडे बघून डोळे मिचकावले होते. बंद गोदामांमागच्या या मोकळ्या आवारात रंगाचे रिकामे डबे मांडून तो लेकीला शिकवणार होता. “तूही चल,” तो म्हणाला होता, “तुझीही भीती मोडेल.” त्याच्या दोस्तमंडळींत त्याला मास्तर म्हणत. कारखान्यात तो शाळेची बाकं बनवून घ्यायचा, त्यामुळे असेल, किंवा समोर कुणी बसलं की त्याला शिकवल्याशिवाय राहवत नसे, त्यामुळे.

आणखी दोन फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला टायरवाला तिच्यावर येऊन पडला आणि प्रत्येक वेळी सॉरी म्हणाला. शेवटी गाडी थांबली, तेव्हा ती सगळ्यांआधी उतरली आणि गोदामाच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. भिंतीला मुताचा वास येत होता. तरी तो तिला बरा वाटला.

नवऱ्याने गाडी मागून जॅकवर उचलली. लेकीला काहीतरी दाखवायचं होतं. तो उकिडवा बसला, लेक त्याच्या शेजारी बसली आणि टायरवाला वर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आपल्या मालाची शेखी मिरवायची संधी आली, की तो असाच उभा राहत असणार.

“ती आडवी दांडी दिसते? दोन चाकांच्या मधली?”

“ती जाड काळी?”

“तीच. गाडीचं सगळं गुपित तिच्यात आहे. कंपनीने दिली होती ती काडीसारखी बारीक. म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी. पाय काढला तरी गाडी आपली नाक मुरडत नुसती बाहेर जायची, शेपूट जागची हलायची नाही. कसली मजा त्यात? मी ही बसवून घेतली. ही मागचा भाग असा ताठ धरते, की पाय उचलायचा अवकाश…” त्याने हाताचा पंजा हवेत गर्रकन फिरवला.

“परदेशातून मागवलेली,” टायरवाला म्हणाला. “या शहरात दुसऱ्या कुणाकडे नाही.”

ती भिंतीपासून दोन पावलं पुढे आली.

“म्हणजे गाडी मुळात अशी फिरत नाही?” तिने विचारलं.

“छे!” टायरवाला उत्साहाने म्हणाला. “मुळात बिचारी गाय आहे, वहिनी. या दांडीने तिचा घोडा केलाय मास्तरांनी.”

“कधी बसवली?”

“झाली बरीच वर्षं. माझ्याच दुकानात बसवली की.”

नवरा उठला. पुसायच्या फडक्याने तो एकेक बोट पुसू लागला.

“आईंच्या खुब्याच्या आधी, की नंतर?” तिने विचारलं.

टायरवाल्याने आधी उत्तर दिलं आणि मग मास्तरांकडे पाहिलं. हा क्रम उलटा असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

“आधीच. अपघातात ती जरा वाकली होती, तर मास्तरांनी त्याच आठवड्यात माझ्याकडून सरळ करून परत…” एवढं बोलून तो थांबला. त्याने खिशातून दुसरं अंडं काढलं, पाहिलं आणि परत खिशात ठेवलं.

जॅकवर उचललेलं चाक वाऱ्याने किंचित फिरत होतं.

“अगं, त्याचा काही संबंध नाही,” नवरा म्हणाला. “गाडी कशीही असू दे, वळणात पाय काढायचाच नसतो. हजारदा सांगितलंय तुला.”

त्याने एकदाही सांगितलं नव्हतं. ते तिला आत्ता, या क्षणी, लख्ख आठवलं. दवाखान्यात तो पहिल्यांदा ‘हजारदा’ म्हणाला, तेव्हा तिला वाटलं होतं, की सांगितलं असेल, आपल्याच लक्षात राहिलं नसेल. त्या दिवशी चावी देताना तो फक्त, येताना दूध आण, म्हणाला होता. हिच्यात मी काय बसवून ठेवलंय, ते बोलला नव्हता.

“आणि परत का बसवली?” तिने विचारलं. “आई दवाखान्यात असताना?”

“मग काय काडी बसवू? गाडीतला जीवच जातो ती काढली की. तुला नाही कळायचं.”

हे तो अगदी सहज बोलला. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, भीती नव्हती. होता तो फक्त वैताग, चांगला चाललेला तास कुणीतरी मोडल्याचा. त्याच्या मनगटावरचे केस, त्या केसांत अडकलेलं काळं वंगण, दाताच्या फटीत सकाळपासून दिसणारा कसला तरी हिरवा तुकडा, हे सगळं तिला एकदम इतकं जवळून दिसलं, की तिने तोंड फिरवलं. याच हातांनी तो संध्याकाळी आईच्या खांद्यावर थोपटून, कशी आहेस, म्हणून विचारायचा. आणि तिच्याकडे बघून हसायचा.

प्रयोगशाळेत कधीकधी म्हातारी माणसं बोचणारी कवळी रुमालात बांधून आणत. माझ्याच हिरड्या वाईट हो, असं अपराध्यासारखं म्हणत. ती कवळी हातात घेई, कुठे कंगोरा राहिला आहे ते बोटाने चाचपून बघे आणि सांगे, तुमच्या हिरड्यांना काही झालेलं नाही, आजोबा. हे ती किती जणांना सांगत आली होती, स्वतःला मात्र कधीच नाही. तिला स्वतःचीही शिसारी आली.

“चावी द्या,” ती म्हणाली.

“कशाला?”

“भीती मोडायची आहे ना माझी?”

नवरा हसला. हे त्याला परत ओळखीचं वाटलं. त्याने जॅक उतरवला, चावी तिच्या हातावर ठेवली आणि स्वतः डावीकडच्या सीटवर जाऊन बसला. लेक मागे बसली. टायरवाला म्हणाला, मी डब्यांपाशी थांबतो, आणि डब्यांपासून बराच लांब जाऊन उभा राहिला.

तिने सीट पुढे ओढली. आरसा तिच्या उंचीला नव्हता. तो तिने नीट केला, तर त्यात लेकीचे डोळे दिसले. लिंबाची बाटली मध्ये येत होती. तिने ती ओरबाडून काढली आणि खिडकीबाहेर टाकली.

“अगं, अगं!”

“मळमळतं मला तिने.”

पहिली फेरी तिने सावकाश मारली. नवरा सूचना देत होता. हात असा धर, नजर पुढे ठेव, शाब्बास. दुसऱ्या फेरीला तिने वेग वाढवला. त्याच्या सूचना कमी झाल्या. तिसऱ्या फेरीला सरळ पट्ट्यावर तिने रेस दाबली ती दाबूनच ठेवली. इंजिनाचा आवाज चढत गेला. शेवटचा लाल डबा जवळ येत होता आणि त्याच्यामागे गोदामाची भिंत होती.

“बास आता,” नवरा म्हणाला.

तिने स्टिअरिंग उजवीकडे वळवलं. गाडी सगळी डावीकडे कलली, टायर किंचाळले, भिंत काचेत आडवी धावू लागली. पाऊल उचलायला मागत होतं. तिच्या पोटरीला, टाचेला, अंगठ्याला, सगळ्यांना एकच हवं होतं: वर यायचं. तिने दात आवळले आणि पाय होता तिथेच ठेवला.

“पाय काढ!” नवरा ओरडला. “अगं, पाय काढ! पाय काढ!”

त्याचा एक हात छताच्या मुठीला लोंबकळत होता आणि दुसऱ्याने त्याने डॅशबोर्ड धरला होता. गाडी रस्त्याला चिकटून, हट्टाने, वळणातून आरपार गेली. मागचं बूड जरासुद्धा हललं नाही. डबा मागे पडला, भिंत मागे पडली. सरळ पट्टा समोर आला, तेव्हा तिने सावकाश वेग उतरवला आणि गाडी मधोमध थांबवली.

तिच्या छातीत काहीतरी फुलून आलं होतं. ते काय आहे, हे कळायला तिला जरा वेळ लागला. तिला मजा आली होती. खरीखुरी, लहानपणी झोका उंच गेल्यावर येते तशी. म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. हिच्यात मजा होती. ती त्याने एकट्याने चाखली होती आणि तिच्या पदरात त्या मजेचा खरकटा भाग टाकला होता. ही जाणीव झाल्यावर तिला अंड्याच्या वासापेक्षाही जास्त किळस आली.

नवऱ्याने मूठ सोडली. कपाळावरचा घाम पुसला. मागच्या सीटवरून लेक बापाच्या मानेकडे बघत होती. गाडीत कुणीही विनोद केला नाही.

“तुमचं दुकान उघडता का हो आज?” टायरवाला धापा टाकत जवळ आला, तेव्हा तिने खिडकीतून विचारलं. “मागची दांडी काढायची आहे.”

तो मास्तरांकडे बघू लागला.

“त्यांच्याकडे काय बघता? मी विचारतेय.”

“उघडतो की, वहिनी,” तो म्हणाला आणि मागे चढून, लेकीला शक्य तितकी जागा देऊन, अंग चोरून बसला.

दुकानापर्यंत गाडी तिनेच चालवली. टायरवाल्याच्या माळ्यावर जुनी बारीक दांडी अजून पडलेली होती. ती त्याने फुंकर मारून पुसली आणि बसवली. नवरा तेवढा वेळ बाहेर टायरच्या चवडीवर बसून मोबाइल चाळत होता. काढलेली जाड दांडी टायरवाला कोपऱ्यात टाकायला निघाला, तेव्हा तिने ती मागून घेतली. तिच्यावर वंगणाचा आणि चिखलाचा जुना थर होता. मधोमध, जिथे ठोकून सरळ केली होती, तिथे रंग उडून लोखंड चमकत होतं. वर्तमानपत्रात गुंडाळायलाही ती थांबली नाही.

घरी सासूबाई दिवाणखान्यात खिडकीशी बसल्या होत्या. वॉकर पुढ्यात उभा होता.

“आलात? कशी चालवली गं पोरीने?” त्यांनी विचारलं. “आता मला कधी फिरवणार?”

तिने दांडी वॉकरच्या पायांशी, फरशीवर ठेवली. ठेवताना आवाज फार झाला नाही.

“अगं बाई, हे काय आणलंस? कसलं घाण आहे.”

“घाणच आहे, आई,” ती म्हणाली. “कुठून आली, ते हे सांगतील.”

ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. वंगण तळहाताच्या रेषांत शिरलं होतं. तिने साबण लावला, धुतला, परत लावला. पाणी करडं होऊन वाहत होतं आणि त्या पाण्याच्या आवाजात बाहेरचं तिला नीट ऐकू येत नव्हतं. नवऱ्याचा आवाज मात्र ओळखू येत होता, तोच नेहमीचा, समजावणीचा.

“काही नाही गं, आई. गाडीचा एक जुना भाग आहे. बदलून टाकला. तिला आपलं उगीच…”

मग लेकीचा आवाज, हलका, पण बापाच्या बोलण्याच्या मधोमध.

“बाबा, नीट सांगा.”

तिने नळ बंद केला आणि ओले हात तसेच धरून ऐकत उभी राहिली.